गेंदलालच्या तोंडची भाषा

संघपाल रामटेके एसटीत कंडक्टर होता. पवनीहून निघायचं, अड्याळ, पहेला करत कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्यात शिरायचं आणि तिथून नागपूर, अशी त्याची गाडी. नागपूरच्या स्टँडजवळ पुस्तकांचा एक स्टॉल होता. नवं कॉमिक तिथं ज्या दिवशी लागे, त्याच दिवशी संध्याकाळी ते संघपालच्या पिशवीतून अड्याळला पोचे. तिकिटांची मशीन, डबा, पाण्याची बाटली आणि डब्याचं तेल लागू नये म्हणून वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कॉमिक.

रुचिताशी त्याची ओळखही त्याच गाडीत झाली होती. ती पहेल्याची. भंडाऱ्याला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला रोज जायची आणि खिडकीशी बसून कॉमिक वाचायची. सांगून आलेल्या मुलींना काय विचारायचं हे संघपालला कधी सुचत नसे, पण हिला त्यानं तिकीट देता देता विचारलं, "झालं वाचून की मले देजा." तिनं दिलं. दुसऱ्या दिवशी परत करताना तो म्हणाला की शेवटची लढाई जबरदस्त आहे. ती म्हणाली की लढाई जबरदस्त आहे पण कोण कोणाला मारून राहिला ते चित्रात समजत नाही. त्यावर पहेल्यापासून भंडाऱ्यापर्यंत वाद चालला आणि पुढं दोन वर्षांनी लग्न झालं.

लग्नानंतर वाद घरात आला. रुचिता अड्याळच्या बाजारातल्या एका लॅबमध्ये कामाला लागली. संध्याकाळी दोघं घरी आले की चहा व्हायचा आणि नवा अंक निघायचा. आधी एकानं वाचायचं, मग दुसऱ्यानं, आणि दुसऱ्याचं होईपर्यंत पहिल्यानं तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा करार होता. संघपालचं तोंड बंद राहत नसे. तो बाजूला बसून हातवारे करी, आणि रुचिता त्याला अंगणात पाठवी.

त्याचा जीव 'रणवीज'वर होता. पुण्याच्या भरारी कॉमिक्सची ही महिन्याची मालिका. दिवसा भूगोल शिकवणारा साधा मास्तर, संकट आलं की तळहातातून वीज सोडणारा रणवीज. रुचिताला त्याच लोकांची 'सागरवाट' जास्त आवडे. तिच्यात एक बाई जहाज घेऊन अनोळखी बेटं शोधत फिरते. रुचिता म्हणायची, तिच्या जहाजाची दोरी न् दोरी खरी वाटते. रणवीजच्या शहरात मात्र लोक फक्त पळायलाच जन्माले आलेत.

संघपालची आई धुरपताबाई दाराशी तांदूळ निवडत हे सगळं ऐकायची. तिला वाचता येत होतं, पण कॉमिक तिनं कधी हातात धरलं नव्हतं. एका संध्याकाळी हे दोघं बेटावरचा राक्षस खरा होता की त्या बाईला पडलेलं स्वप्न, यावरून भांडत होते. शेजारचा भैय्यालाल भाऊ कुंपणाशी येऊन उभा राहिला. घरात काही बिनसलं की काय, असं त्याला वाटलं होतं. त्याला वाटेला लावून धुरपताबाई म्हणाली, "भांडताच हाय त मोबाईल समोर ठेवून भांडा ना बापा. लोकाईले बी समजन तुमी काहून भांडता ते."

ती थट्टा होती. पण पुढच्या रविवारी त्यांनी खरंच मोबाईल पाटावर टेकवला आणि यूट्यूबवर चॅनेल सुरू झालं. नाव ठेवलं 'नवा अंक, दोन मतं'. चेहऱ्यावर कसनुसं हसू आणून सुरुवातीला दोघं शाळेतल्या भाषणासारखं बोलत. ते त्यांचं त्यांनाच पाहवेना. तिसऱ्या वेळी रागाच्या भरात रुचिता म्हणून गेली, "तुमी कव्हर पाहून मत देऊन राहिले, आतलं त वाचलंच नाई," आणि तोच व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला. तेव्हापासून ते घरच्यासारखंच बोलू लागले. साकोलीचे, लाखांदूरचे, पार गडचिरोलीचे लोक लिहू लागले. आमच्या पोट्ट्याईनं तुमच्यामुळं कॉमिक वाचाले घेतलं, असं कोणी लिहिलं की संघपाल ते आईला वाचून दाखवी.

मग रणवीजचा बारावा अंक आला.

त्याची वाट सगळा जिल्हा पाहत होता, कारण त्यात रणवीज वैनगंगेच्या काठी येणार होता. शिवाय रणवीज लिहिणारा प्रविण सेलोकर मूळचा इकडचाच. तुमसर तालुक्यात मध्यप्रदेशच्या हद्दीजवळ बपेरा आहे, तिथला. पुण्यात जाऊन लेखक झाला, आपल्या जिल्ह्याचं नाव केलं, म्हणून पेपरात त्याचा फोटो येई. संघपालनं तो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. अंक आणायला त्या दिवशी त्यानं ड्रायव्हरला दोन मिनिटं जास्त थांबवलं.

चित्रं अशी होती की रुचिता पहिलं पान उलटायला तयार होईना. पहाटेची नदी, धुक्यात उभा असलेला पूल, भाताच्या बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया, पाण्यात पाय रोवून उभी सारसाची जोडी. नदीच्या तळाशी कोणीतरी यंत्र बसवलेलं असतं आणि ते नदी पिऊन टाकत असतं. रणवीज येतो, यंत्राशी लढतो आणि नदी परत वाहू लागते.

पण अंक संपला तेव्हा रुचिता मागची पानं परत उलटू लागली. रणवीजसोबत एक गेंदलाल नावाचा माणूस पहिल्या अंकापासून होता. त्याचा स्वयंपाकी. जाडा, घाबरट, सतत भुकेला. तो इकडचीच, झाडीपट्टीची बोली बोलायचा, आणि तो बोलला की हसायचं हे वाचणाऱ्याला सवयीनं माहीत झालं होतं. बाराव्या अंकात तर सगळं गावच ती बोली बोलत होतं, आणि सगळं गाव गेंदलालसारखंच होतं. यंत्राला देव समजणारं, पळताना एकमेकांवर पडणारं. गावात एकच हुशार मुलगी होती, आणि ती तेवढी पुस्तकातली मराठी बोलत होती.

रविवारी मोबाईल समोर ठेवल्यावर संघपालनं अंक डोक्यावर घेतला. रुचितानं आधी चित्रांचं मनापासून कौतुक केलं, एकेक पान दाखवून केलं. मग ती म्हणाली, "बारा अंक झाले. या बारा अंकाईत आपली भाषा एकबी शहाणी गोष्ट बोलली नाई. पडाचं असन, खायाचं असन, भ्याचं असन, तवाच ते लेखकाले आठवते. रडाचं असलं, लढाचं असलं की तो दुसरी भाषा काढते. मले हा अंक आवडला नाई."

संघपाल म्हणाला की अगं, तो विनोद आहे, आणि विनोद कोणावर तरी होणारच. ती म्हणाली, बारा महिने एकाचवरच कायले? तिथंच त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि ठरल्याप्रमाणे जसंच्या तसं टाकलं.

दोन दिवसांत चॅनेलवर शिव्यांचा पाऊस पडला. रणवीजचे चाहते राज्यभर होते. आधी मराठी शिका मग मत द्या, असं कोणी लिहिलं. कोणी रुचिताच्या बोलण्याची नक्कल करून व्हिडिओ बनवला. बाहेरच्यांचं तिला फार वाटलं नाही, पण आपल्याच जिल्ह्यातले लोक जास्त चिडले होते. इतक्या वर्षांनी आपली नदी, आपलं गाव कॉमिकात आलं, आपल्याच माणसानं आणलं, आणि ही त्याचे पाय ओढते. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका मास्तरांनी हात पुढे करता करता तिला तेच ऐकवलं. तिनं सुई नीट टोचली, कापूस लावला आणि त्यांना म्हणाली की रिपोर्ट संध्याकाळी भेटन.

संघपालला डेपोत चिडवू लागले. गाडी सुटताना कोणीतरी ओरडे, गेंदलाल, घंटी मार. आठवडाभरानं एका संध्याकाळी तो रुचिताला म्हणाला की तो व्हिडिओ काढून टाकू. तिनं नाही म्हटलं. तो म्हणाला, चॅनेल दोघांचं आहे. ती म्हणाली, मतंही दोघांची दोन आहेत, तुमचं तुम्ही काढा, माझं राहू द्या. मग तो आवाज चढवून बोलला. जो माणूस आपल्या जिल्ह्यातून उठून एवढा मोठा झाला त्याच्यात खोट काढायला तुला काय लागतं, असं काहीसं. ती उठून आत गेली. त्या रविवारी पाट भिंतीला टेकलेलाच राहिला, आणि पुढच्याही. 'सागरवाट'चा नवा अंक आला तो दोघांनी वेगवेगळा वाचला, एकमेकांशी एक शब्द न बोलता. धुरपताबाईला घर भलतंच शांत वाटू लागलं.

एका सकाळी संघपाल ड्युटीवर निघताना आई त्याच्यासोबत फाटकापर्यंत आली. म्हणाली, "तुह्या बापाच्या मयतीत मी रडली. काय बोलून रडली, आठवते तुले?"

त्याला आठवत होतं.

"ते मी कोन्या भाषेत बोलली होती? कोनी हासलं होतं का?" एवढंच म्हणून ती आत वळली.

त्या दिवशी गाडीत संघपालनं तिकिटं देता देता कान उघडे ठेवले. रोजचेच लोक होते. मागच्या सीटवर एक म्हातारा शेजाऱ्याला बायकोच्या ऑपरेशनचं सांगत होता. डॉक्टरनं काय सांगितलं, पोरानं काय केलं आणि रात्री तिचा हात धरून आपण काय बोललो, हे सगळं तो सावकाश, एकेक शब्द जपून सांगत होता. पुढं एक आई सासरी चाललेल्या मुलीला समजावत होती. दोन शेतकरी पाण्याच्या पाळीवरून आपसांत निवाडा करत होते, आणि तो कोर्टापेक्षा बरा होत होता. ही सगळी माणसं गेंदलालच्या भाषेत बोलत होती. संघपाल वर्षानुवर्षं त्यांच्यामधून तिकिटं देत फिरला होता, पण ते आज त्याच्या कानी पडलं. भंडारा आलं तेव्हा ओरडून सांगायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. प्रवाशांनीच सांगितलं.

संध्याकाळी तो घरी आला आणि चहा त्यानंच केला. रुचितापुढं कप ठेवून म्हणाला, "व्हिडिओ राहू दे." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "अंक मले अजून बी आवडते," तो म्हणाला. "पन तू म्हनते ते खरं आहे."

त्याच आठवड्यात भरारी कॉमिक्सच्या संपादक रिता मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज सौम्य होता. तेराव्या अंकाचं प्रकाशन नागपूरला आहे, लेखक येणार आहेत, काही वाचकांना मत मांडायला मंचावर बोलावतो आहोत. तुम्ही येता का? कौतुकच करा असं नाही, त्या म्हणाल्या, पण समोर सगळे रणवीजचे चाहते असतील, हे माहीत असू द्या. रुचितानं हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तिचे हात गार पडले. मोबाईलखेरीज कोणापुढं उभं राहून ती कधी बोलली नव्हती.

संघपालनं रजा टाकली. आपल्याच गाडीत तिकीट काढून तो बायकोशेजारी बसला, आणि त्या दिवशीच्या कंडक्टरनं, राजकुमारनं, त्याला गेंदलाल म्हणून हाक मारली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हो, बोल." राजकुमारनं मग नुसतीच घंटी मारली.

हॉल भरलेला होता. कॉलेजची मुलंमुली, रणवीजचं चित्र छापलेले निळे टी-शर्ट घातलेली. बोलणाऱ्यांना नवा अंक सकाळीच दिला होता, आणि रुचितानं तो एका कोपऱ्यात बसून दोनदा वाचला. तेराव्या अंकात रणवीजची वीज जाते. शत्रू ती काढून घेतो. एका पानावर तो नदीकाठी एकटा बसलेला असतो आणि गेंदलाल त्याला शोधत येतो. ते पान वाचून रुचिताला भरून आलं. लेखक मोठाच होता. आणि नेमकं त्याच पानावर तिला काय बोलायचं ते सापडलं.

तिच्या आधी तिघं बोलले आणि टाळ्या घेऊन गेले. तिचं नाव पुकारलं तेव्हा मागून हुर्यो उठली. कोणीतरी गेंदलालच्या सुरात 'भात वाढ' असं ओरडलं. माईकजवळचा सूत्रसंचालक हळूच म्हणाला की ताई, सगळ्यांना कळेल असं बोला. त्यानं ते काळजीनंच सांगितलं होतं. ती माईकपुढं उभी राहिली. पहिल्या रांगेत प्रविण सेलोकर बसला होता. चाळिशीचा, चष्मेवाला, हात मांडीवर घट्ट धरलेला.

"मले जशी बोलता येते तशीच बोलते," रुचिता म्हणाली. "समजलं नाई त विचारा."

हसू आलं, पण ते आधीइतकं मोठं नव्हतं. तिनं सुरुवात चित्रांपासून केली. शत्रूच्या किल्ल्याचं दोन पानभर पसरलेलं चित्र, त्यात रणवीज किती लहान दिसतो आणि तो लहान दिसला म्हणूनच आपल्याला भीती वाटते, हे तिनं सांगितलं. आठव्या पानावर चार चौकटींत एकही शब्द नाही आणि तरी सगळं समजतं, अशी जागा तिनं वर्षभरात दुसरीकडं पाहिली नाही, हेही सांगितलं. निळे टी-शर्ट हळूहळू पुढं झुकले. आपल्याइतकंच बारीक वाचणारं हे माणूस आहे, हे त्यांना दिसू लागलं. मग ती म्हणाली की आता ती नदीकाठचं पान वाचणार, पण त्याला दोन माणसं लागतात, कोणी एक जण येता का?

हे तिनं घरी ठरवलं नव्हतं. हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग बाराव्या-तेराव्या रांगेतून संघपाल उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत, गर्दीच्या गाडीत पुढं सरकावं तसा, मंचावर आला. रुचितानं त्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यानं मान हलवली.

आधी त्यांनी ते पान छापलं होतं तसंच वाचलं. संघपाल रणवीज झाला. "माझ्या हातातली वीज गेली. ज्यांना वाचवायचं, त्यांच्यासमोर मी रिकाम्या हातांनी कसा उभा राहू?" रुचिता गेंदलाल झाली. "मालक, पयले जेवून घ्या, मंग रडा. भात थंडा होऊन राहिला." हॉल हसला. अंकात हसायची जागा तीच होती.

"आता उलटं," रुचिता म्हणाली.

संघपालनं अंक खाली केला. त्याला आता तो बघायची गरज नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून मागच्या सीटपर्यंत पोचणारा त्याचा आवाज त्यानं अगदी खाली आणला.

"माह्या हातातली इज गेली. ज्याईले वाचवाचं होतं, त्याईच्या समोर मी रिकाम्या हातानं कसा उभा राहू?"

पहिल्या दोन शब्दांना कोणीतरी सवयीनं हसलं आणि मध्येच थांबलं. वाक्य संपलं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. संघपालचे डोळे भरले होते. त्याला बाप आठवत होता, हे रुचिताला ठाऊक होतं. तिनं क्षणभर थांबून गेंदलालचं वाक्य पुस्तकी मराठीत म्हटलं. "महाराज, आधी जेवून घ्यावं, मग शोक करावा. भात गार होतो आहे."

हॉल पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आणि हसता हसताच लोकांच्या लक्षात आलं.

"पाहा," रुचिता म्हणाली. "हासू भाषेत नव्हतं, भातात होतं. अन् रडू बी भाषेत नसते, मानसात असते. मंग एका भाषेले फक्त हासूच काहून द्याचं? एवढंच माहं मत आहे. बाकी अंक लय चांगला आहे, सगळ्याईनं घ्या."

टाळ्या एका कोपऱ्यातून सुरू झाल्या, तिथं गोंदियाची काही मुलं बसली होती. मग मधल्या रांगा, मग निळे टी-शर्ट. 'भात वाढ' म्हणणारा मुलगा उभा राहून वाजवत होता. रुचिताला आपण मंचावरून उतरायचं आहे हेही सुचेना. संघपालनं तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर तो तसाच धरून ठेवला.

प्रविण सेलोकर माईकपाशी आला तेव्हा टाळ्या थांबायला वेळ लागला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. लिहून आणलेलं भाषण त्यानं खिशातच ठेवलं.

"मी पुन्याले शिकाले गेलो तवा," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ती बोली ऐकून रिता मॅडमनीही मान वर केली. "होस्टेलात मी तोंड उघडलं की सगळे हासत. मी बोलनं बंद केलं. वर्षभरानं तोंड उघडलं त दुसरीच भाषा निंगाली. जे बोलनं मी लपवलं, ते मी गेंदलालले देऊन टाकलं. मले वाटे, आता लोक त्याले हासतीन, मले नाई."

तो रुचिताकडं वळला आणि त्यानं हात जोडले. तिनंही जोडले. मग तो म्हणाला की चौदावा अंक छापायला गेला, पण पंधरावा अजून लिहून व्हायचा आहे, आणि तो लिहिताना या दोघांशी बोलता आलं तर त्याला बरं वाटेल. रिता मॅडमनी खालून मोठ्यानं सांगितलं की हे आता सगळ्यांसमोर कबूल झालं आहे.

पुढचे दोन महिने संध्याकाळी अड्याळच्या त्या घरात फोन वाजे आणि तासभर वाद चाले. प्रविणचं म्हणणं असे की अमुक शब्द पुण्याच्या वाचकाला समजणार नाही. संघपाल सांगे की चित्र आहे ना, समजते. दोघांचं जुळलं नाही की रुचिता धुरपताबाईला हाक मारी, आणि धुरपताबाई त्या जागी माणूस खरंच काय म्हणेल ते सांगून परत तांदळाकडं वळे. एकदा प्रविणनं स्वतःच कबूल केलं की तो बऱ्याच गोष्टी विसरला आहे आणि आता रोज बपेऱ्याला आईला फोन करतो.

पंधराव्या अंकाचं प्रकाशन अड्याळला झालं, विहाराच्या सभागृहात. ते पुण्यालाही करता आलं असतं, पण प्रविणनंच हट्ट धरला. तो आपल्या आईला, सीताबाईला, बपेऱ्याहून गाडी करून घेऊन आला. भैय्यालाल भाऊनं खुर्च्या लावल्या, लॅबमधल्या बायका आल्या, डेपोतून राजकुमार आला, नागपूरचे निळे टी-शर्ट एका अख्ख्या एसटीनं आले. सुईला हात पुढं करणारे मास्तरही आले आणि पुढं बसले.

त्या अंकात रणवीजची वीज परत येत नाही. शत्रूपुढं उभा राहतो तो गेंदलाल. त्याचे पाय लटपटत असतात, भूकही लागलेली असते, आणि तरी तो पळत नाही. कोण तू, असं शत्रू विचारतो. ते पान संघपालनं सभागृहात वाचलं.

"मी सयपाकी आहो," त्यानं म्हटलं. "आजवर मालकाले मीच जेवू घातलं. तू नदी पेली, मी गप राहिलो. तू इज नेली, मी गप राहिलो. आता माह्या लोकाईले हात लावाचा असन त आंधी मले उचलून बाजूले ठेव. अन् मी लय जड आहो."

शेवटच्या वाक्याला सभागृह हसलं आणि हसता हसता उठून उभं राहिलं. बाया उभ्या राहिल्या, म्हातारे काठीवर उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या. धुरपताबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती सरळ ताठ उभी राहून टाळ्या वाजवत होती. राजकुमारनं बाकावर चढून संघपालच्या नावानं आरोळी ठोकली.

सीताबाईला प्रविणनं हाताला धरून उठवलं. तिला माईक देऊ केला, तर तिनं तो बाजूला सारला. पोराच्या तोंडाकडं बघत ती म्हणाली, "इतके साल तू काय लिवते मले समजे नाई, मी नुस्ती पुस्तकं कपाटात ठेवो. आज आयकलं." पहिल्या दोन रांगांनाच ते ऐकू गेलं, पण मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं आणि ते दारापर्यंत पोचलं.

मग रिता मॅडमनी रुचिताला पुढं बोलावलं. अंकाच्या आतल्या पानावर संवादांसाठी तिचं, संघपालचं आणि धुरपताबाईचं नाव छापलं होतं, आणि आता वाचक म्हणून तिचं मत काय, ते लोकांना ऐकायचं होतं. रुचिता माईकपुढं आली. या वेळी तिचे हात गार नव्हते. तिनं अंक उघडला, सभागृह शांत होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "रणवीजचा आजवरचा सगळ्यात भारी अंक. माहं नाव आहे म्हनून नाई म्हनत. पन अकराव्या पानावर गेंदलालच्या हातात वाढाचा डाव आहे, अन् बाराव्यावर झारा. सर, हे कसं काय?"

सगळा हॉल प्रविणकडं वळला. त्यानं घाईघाईनं अंक उघडून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आईशेजारी बसल्या जागी खदखदून हसू लागला. संघपालनं दुसरा माईक उचलला आणि ठासून सांगितलं की त्याच्या मते त्यानं काही फरक पडत नाही. रुचिता म्हणाली की पडते. लोकांनी खुर्च्या पुढं ओढल्या.